बाबा, गाऱ्हाणे घालायला संकोच करू नका

रत्नागिरी

तीर्थरूप आई आणि बाबा यांच्या चरणी साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत. फोनवर रोज बोलणे होत असले तरी हे पत्र मुद्दाम लिहीत आहे, कारण परवा बाबा एक वाक्य बोलून गेले, फोन आईच्या हाती दिला आणि खळ्यात निघून गेले. त्या वाक्याचे उत्तर फोनवर देण्यासारखे नव्हते. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तिन्ही रक्तवाहिन्यांतले अडथळे दाखवून बायपास करावी लागेल असे सांगितल्यापासून आई देव पाण्यात घालून बसली आहे, आणि बाबा म्हणाले, "धडधाकट होतो तेव्हा पालखीला खांदा देण्यापलीकडे देवाचे काही केले नाही. आता छातीत कळ आली म्हणून कुठल्या तोंडाने त्याच्यापुढे उभा राहू?"

बाबा, हे तुम्ही सहज बोलला नाहीत, हे मला कळते. तुम्ही जन्मभर कुणाचे उधार ठेवले नाही. ज्या वर्षी थ्रिप्स किडीने आंब्याचा मोहोर जाळला आणि पेट्या निम्म्यावर आल्या, त्या वर्षीसुद्धा सोसायटीचा हप्ता तुम्ही चुकवला नाही; गड्यांची मजुरी आधी दिली आणि मग घरात किराणा भरला. असा माणूस गरजेच्या वेळी हात पसरायला कचरतो, हे स्वाभाविक आहे. पण देव म्हणजे सावकार नव्हे की मागची बाकी फेडल्याशिवाय नवे कर्ज मागायला तोंड उरू नये. आणि थोडे स्पष्ट लिहिते, राग मानू नका: आपण त्याच्यापुढे उभे राहण्याच्या योग्यतेचे झालो की मग जाऊ, असे म्हणण्यात आपली योग्यता आपणच ठरवण्याचा हट्ट आहे. नम्रतेला एवढाही हट्ट परवडत नाही. नम्र माणूस जसा आहे तसा, रिकाम्या हाताने जातो.

गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी आपल्याला भजणाऱ्यांचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांत ज्ञानी आपल्याला अत्यंत प्रिय असल्याचे ते म्हणतातच. परंतु नावे घेताना पहिले नाव आर्ताचे, म्हणजे पीडेने गांजून आलेल्याचे घेतात, त्यानंतर जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी येतात. पुढे, हे सगळेच उदार आहेत, असाही निर्वाळा देतात. दुखले म्हणून आलेल्याला तिथे कुणी खालच्या पंगतीला बसवलेले नाही. "सुखात असताना कुठे होतास?" हा प्रश्न माणसे माणसांना विचारतात, त्या अध्यायात तो कुठेही विचारलेला नाही.

लहानपणी पावसाळ्यात वीज गेली की आजी आम्हांला गजेंद्राची गोष्ट सांगायची. तेव्हा त्यातला मगर तेवढा आवडायचा. आता तीच गोष्ट आठवते तेव्हा दुसरेच काही दिसते. गजेंद्राने सरोवरात पाय ठेवला आणि मगराने तो धरला, तेव्हा त्याने लगेच देवाला हाक मारली नाही. तो स्वतःच्या बळावर झुंजला, आणि कथेप्रमाणे ती झुंज हजार वर्षे चालली. बरोबरच्या हत्तींनी त्याला ओढून पाहिले, हत्तिणी काठावर आक्रोश करत राहिल्या, आणि कुणाचेच काही चालेना. पाण्यातला प्राणी पाण्यात बळावत गेला आणि जमिनीवरचा थकत गेला. तेव्हा कुठे त्याने सोंडेत एक कमळ उचलले आणि नारायणाला हाक घातली. ते कमळही त्याने घरून पूजेसाठी आणलेले नव्हते. ज्या पाण्यात तो बुडत होता त्याच पाण्यातले होते. आपण किती पुण्य केले याचा हिशेब त्याने सांगितला नाही, आणि इतका उशीर का केलास, असे नारायणानेही त्याला विचारले नाही. बाबा, तुमच्याजवळ आत्ता द्यायला काय आहे? भीती आहे, रात्रीची जागरणे आहेत, जिना चढताना लागणारा दम आहे. तेच पुढे करा. त्याहून चांगले काही हाताशी येईपर्यंत थांबण्याची गरज नाही.

शिवाय तुम्ही म्हणता तितके देवाला परके नाही आहात. १६ मे २०२१ ची रात्र आठवा. तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून वर सरकत होते आणि टाळेबंदीमुळे मी घरीच होते. संध्याकाळपासून वीज नव्हती, फोन बंद पडले होते, आणि पडवीच्या बाजूची कौले एकेक करून उडत होती. मधल्या घरात पाणी ठिबकत होते म्हणून आईने परातीपासून टोपापर्यंत मिळेल ते भांडे खाली मांडले होते. वाऱ्याने मागचे दार आत ढकलले जात होते आणि तुम्ही अडसराला खांदा लावून उभे होता. आई देवघरासमोर बसली होती. समई सारखी विझत होती आणि ती पुन्हा पुन्हा लावत होती. बागेच्या बाजूने झाड मोडल्याचा मोठा आवाज आला, मग दुसरा आला, आणि तुमच्या वडिलांनी लावलेली कलमे जात आहेत हे आपल्या तिघांनाही न बोलता कळले. तेव्हा तुम्ही खांदा न काढता डोळे मिटलेत आणि तुमचे ओठ हलले. काय म्हणालात ते मला वाऱ्यात ऐकू आले नाही, आणि मी कधी विचारलेही नाही. पण त्या क्षणी तुम्हाला, "कुठल्या तोंडाने?" हा प्रश्न पडला नव्हता. उजाडल्यावर तुम्ही तोंड धुतले, कोयता घेतला आणि शेजारच्या घराच्या वाटेवर आडवा पडलेला माड तोडायला गेलात. स्वतःच्या बागेत नंतर गेलात. मला प्रार्थना म्हणजे काय हे कुणी विचारले तर मी त्या रात्रीचे तुमचे दोन्ही हात सांगेन: अडसर धरलेले, आणि सकाळी कोयता धरलेले. दाराला खांदा लावल्यामुळे देवावरचा भरवसा कमी झाला नाही, आणि देवाला हाक मारल्यामुळे दाराचा खांदा सुटला नाही.

आपल्या कुणकेश्वराची आख्यायिकाही मला याच संदर्भात आठवते. परमुलखातला एक व्यापारी, कुणी इराणी म्हणतात तर कुणी अरब, वादळात सापडला, काठावरचा दिवा त्याला दिसला आणि त्या दिव्याच्या देवाला त्याने हाक मारली. तारू वाचले आणि त्याने देऊळ उभारले, अशी ती कथा. इतिहास म्हणून ती कितपत टिकेल याची चर्चा मी इथे करत नाही. पण आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांनी पिढ्यानपिढ्या ही गोष्ट सांभाळून ठेवली, याला अर्थ आहे. त्या माणसाला इथल्या देवाचे नाव माहीत नव्हते, त्याचा धर्म वेगळा, भाषा वेगळी, आणि त्या देवावर त्याचा कुठलाही मागचा हक्क नव्हता. तरी त्याची हाक पोहोचली, असे आपल्या पूर्वजांना वाटले. तुम्ही तर त्याच देवाच्या यात्रेत माझ्या आजोबांच्या खांद्यावर बसून गेलेले आहात. बंदरावरच्या आपल्या मुसलमान शेजाऱ्यांनी शुक्रवारच्या नमाजानंतर बाबांसाठी दुआ मागितली, असे आई म्हणाली, तेव्हा मला फार बरे वाटले. त्यांना माझा सलाम सांगा.

आई, आता थोडे तुझ्याशी.

तुझे दोन प्रश्न आहेत. देव आपल्यावर कोपला आहे का, हा पहिला. आणि ऑपरेशन करावे की नाही यासाठी कौल लावावा का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मी माझ्या समजुतीप्रमाणे देते. बाबांच्या रक्तवाहिन्यांत अडथळे झाले त्याला वय आहे, साखर आहे, तंबाखूची जुनी सवय आहे, आणि त्यांच्या वडिलांकडून आलेला वारसाही असेल. कुठल्या वर्षी कुळाचार राहून गेला, देवीची ओटी भरायची कशी चुकली, हे रात्ररात्र आठवत बसू नकोस. दुखण्याच्या वेळी देवाजवळ जायचे आणि त्याच वेळी, हे दुखणे त्यानेच सूड म्हणून दिले असे मानायचे, या दोन गोष्टी एका मनात नांदत नाहीत. ज्याची धास्ती वाटते त्याच्या कुशीत कुणाला झोप लागत नाही.

कौलाबद्दल मी अधिक काळजीपूर्वक लिहिते, कारण त्या प्रथेचा मला आदर आहे. गावाचे कितीतरी तंटे देवाच्या उजव्या म्हणजे होकाराच्या, नाहीतर डाव्या म्हणजे नकाराच्या कौलाने मिटलेले तू पाहिले आहेस. पण ऑपरेशन करायचे की नाही, हे मात्र कौलावर टाकू नकोस. समज, डावा कौल पडला, तर आपण काय करणार? डॉक्टरांनी दाखवलेला अडथळा त्यामुळे नाहीसा होणार नाही. आणि उजवा पडला तर तुझी काळजी एका रात्रीपुरती कमी होईल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावेसे वाटेल. पुढे काय होणार हे आधी कळावे, असे आपल्या सगळ्यांनाच वाटते, मलाही वाटते. परंतु भरवसा ठेवायचा तो नेमका पुढचे दिसत नसताना. ज्यांनी हे शास्त्र शिकण्यात आयुष्य घातले त्यांचे ऐकणे, हाही मला देवापुढे नमते घेण्याचाच भाग वाटतो.

नवसाचे म्हणशील, तर कुणकेश्वरला अनवाणी चालत जाण्याचा तुझा विचार मी मोडणार नाही. एवढेच सांगते, की "हे कर, म्हणजे मी ते करीन" अशी अट घालून बोलू नकोस. बाबा बरे होऊन घरी आले की आनंदाने जा, मीही बरोबर येईन. उद्या काही वेगळे घडले तरी त्या देवळाची पायरी आपल्याला परकी होता कामा नये, म्हणून हे लिहिते आहे.

होय, तेही लिहायलाच हवे. मनापासून हाक मारणाऱ्या प्रत्येकाचे माणूस परत येतेच असे नाही, हे आपल्या घराला माहीत आहे. धाकटे काका तापात गेले तेव्हा आजीने कमी का प्रार्थना केल्या असतील? तिच्या तोंडून ती हकीकत मी एकदाच ऐकली. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला तिने देवघरात दिवा लावला, तेव्हा शेजारणीने विचारले, "अजून लावतंस?" त्यावर आजी म्हणाली, "मी तेच्यावांगडा भांडतंय, पण तेका सोडूचंय नाय." आजी फार शिकलेली नव्हती, तिने मला श्रद्धेवर कधी काही समजावून सांगितले नाही. पण देवाशी भांडेन, तरी त्याला सोडणार नाही, या एका वाक्याएवढे आधाराचे मला दुसरे काही सापडलेले नाही. आपल्या मनासारखे झाले तरच देव खरा, असा तिचा करार नव्हता. ती रागावली, रडली, काही दिवस देवाशी अबोला धरल्यासारखी वागली असेल, पण दिवा तिने लावला. आई, तुला रडू आले तर देवघरासमोरच रड. तिथे शहाण्यासारखे बसण्याची सक्ती नाही.

आणि नेमके म्हणायचे काय, असे बाबा विचारतील. त्यांना स्तोत्रे येत नाहीत, आणि पोथी पुढे धरली की दोन ओळींत लक्ष उडते, हे मला ठाऊक आहे. पण गाऱ्हाणे त्यांना येते. शिमग्याला, जत्रेला, बागेत पहिली फवारणी करण्याआधी ते त्यांनी जन्मभर ऐकले आहे, आणि "व्हय म्हाराजा" असे मोठ्याने म्हटले आहे. माझ्या मते आपल्या मुलखाने घडवलेली ती फार खोल प्रार्थना आहे. नारळ हातात धरून गुरव "बा देवा म्हाराजा" अशी सुरुवात करतो; चुकले माकले असेल ते पदरात घ्यायला सांगतो; मग आपल्या रोजच्या बोलीत, लेकराबाळांना, गुराढोरांना, परगावी गेलेल्या चाकरमान्यांना सांभाळ, असे मागतो, आणि मागे उभे असलेले सगळे त्याला साथ देतात. त्यात अवघड शब्द नाहीत, आणि मागण्याचा संकोचही नाही. मुख्य म्हणजे तिथे कुणी एकटा मागत नाही. ज्याच्या घरी संकट आहे त्याला बोलायला सुचले नाही तरी दुसरा त्याच्यासाठी बोलतो आणि तिसरा त्याला होकार देतो. येत्या सोमवारी ग्रामदेवतेसमोर गुरवांना बाबांच्या नावाने गाऱ्हाणे घालायला सांगा, आणि बाबा, तुम्ही मागे खांबाला टेकून का होईना, उभे राहा. दुसरे काही जमले नाही तर "व्हय म्हाराजा" एवढे तरी म्हणा.

ऑपरेशनविषयी डॉक्टरांनी मला आणि दादाला जे समजावले ते तुम्हालाही सरळ सांगते, कारण अर्धवट माहितीने भीती वाढते. भूल दिल्यावर छातीच्या मधले हाड उघडतात. पायातली एक शीर आणि छातीच्या आतल्या बाजूची एक रोहिणी घेऊन अडथळ्याच्या पुढे नवी वाट जोडतात. बरेचदा तेवढा वेळ हृदय थांबवून रक्त फिरवण्याचे काम यंत्राकडे देतात आणि जोडकाम पुरे झाले की हृदय पुन्हा चालू करतात. १९६७ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंड येथे रेने फावालोरो यांनी पायातली शीर वापरून ही शस्त्रक्रिया केली आणि पुढे ती जगभर रूढ झाली. ते मूळचे अर्जेंटिनाचे, आणि त्याआधी कितीतरी वर्षे तिथल्याच एका खेड्यात डॉक्टरकी करत होते; बाबांना हे वाचून बरे वाटेल म्हणून लिहिले. आता ही शस्त्रक्रिया मोठ्या शहरांत रोज होते. पहिले एक-दोन दिवस अतिदक्षता विभागात ठेवतात, आणि छातीचे हाड भरून यायला दोन-तीन महिने लागतात. त्या काळात जड उचलायचे नाही, म्हणजे या मोसमात पेट्यांना हात लावायचा नाही. फवारणीचे आणि तोडणीचे मामाने अंगावर घेतले आहे.

हे सगळे ऐकताना माझ्या मनात सारखे एकच येत होते. भूल चढल्यापासून शुद्ध येईपर्यंत बाबांच्या हातात काहीही नसेल. जो माणूस वादळातही अडसर सोडत नाही, त्याला त्या वेळी सगळेच सोडावे लागेल. स्वतःचा श्वाससुद्धा दुसऱ्यांच्या हाती द्यावा लागेल, आणि आम्हीही बाहेर बाकावर बसण्यापलीकडे काही करू शकणार नाही. बाबा, मला वाटते तुमची खरी भीती मरणाची नाही, ही आहे. म्हणून आतापासूनच रोज थोडे थोडे सोपवायची सवय करा. रात्री अंथरुणावर पडल्यावर बागेची चिंता, आईची चिंता, सोसायटीच्या हप्त्याची चिंता, एकेकीचे नाव घेऊन "हे तुझ्याकडे" असे म्हणा. झोप आली नाही तरी चालेल. त्या दिवशी स्ट्रेचरवरून आत नेताना तुम्हाला नवे काही शिकावे लागणार नाही, रोजचेच तेवढे म्हणायचे असेल.

आता कामाचे. बाबांनी उपवास अजिबात करायचे नाहीत. साखरेच्या गोळ्या चालू असताना पोट रिकामे ठेवणे धोक्याचे आहे. आई, तुझा सोमवारही फळे आणि दूध घेऊनच कर. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची ते डॉक्टर सांगतील, आपल्या मनाने बंद करू नका. रेशनकार्ड, आधारकार्ड, अँजिओग्राफीची सीडी आणि जुने सगळे कागद एका पिशवीत ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र रुग्णालयातच बसतात, त्यांना ते दाखवावे लागतील. दादा गाडी घेऊन आदल्या दिवशी पहाटे येईल, फोंडा घाटातून सावकाश जाऊ. मी परस्पर कोल्हापूरला पोहोचते. रक्त द्यायला दादाचे दोन मित्र तयार आहेत, त्याची चिंता नको.

सोमवारी गाऱ्हाणे किती वाजता आहे ते गुरवांना विचारून मला कळवा. शाळेतून त्या वेळेआधी निघते आणि फोन चालू ठेवते, म्हणजे मलाही इथून "व्हय म्हाराजा" म्हणता येईल. नातवंडांनाही शेजारी बसवते.

कळावे. आईला आणि बाबांना पुन्हा एकदा साष्टांग नमस्कार.

तुमची
लेक